शेऱ्याच्या रकान्यातली पोर

दरवर्षी एक जूनला आमच्या घरचा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. माझा वाढदिवस. म्हणजे तसा माझा वाढदिवस नव्हेच. मी कधी जन्मले ते माझ्या आईलाही धड सांगता येत नव्हतं. ज्वारी काढणीला आली होती आणि तुझ्या मामाला विंचू चावला होता, एवढंच ती सांगायची. यावरून शाळेत तारीख कशी लिहिणार? म्हणून नाव घालताना आमच्या गुरुजींनी एक जून लिहून टाकली. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि सोलापुरात पेठेतल्या एका शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरांना एक जूनच वाटत राहिले.

यात माझी हौस नव्हती. पाच पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत नाव घालता येत नसे आणि शाळा जूनमध्ये उघडत असे. विड्या वळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या आया पोराला हाताला धरून ओढत आणायच्या. जन्म कधीचा म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "गड्ड्याच्या आदीचा की." सिद्धेश्वराच्या जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो. "कुठल्या गड्ड्याच्या?" "आता ते काय सांगू बाई, तुमीच बघा की."

मग मी बघायचे. पोराला सरळ उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला लावायचा आणि डावा कान धरायला सांगायचं. बोटं कानाला टेकली की पाच पूर्ण. मग तारीख एक जून, साल पाच वर्षं मागचं, अंकी आणि अक्षरी. पुढचा.

आमचे हे म्हणतात, सोलापुरातली अर्धी पेठ आईच्या पोटातून आली आणि उरलेली अर्धी तुझ्या पेनातून. यांची तारीख खरी आहे, दवाखान्यातली, आणि बँकेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या तारखेचा तोरा उतरलेला नाही. एकतीस मेला शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांत निरोपसमारंभ असतात आणि बाजारात नारळ मिळत नाहीत, त्याचं खापरही ते माझ्यावरच फोडतात. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. सरकारदरबारी ज्यांना जन्मच नव्हता त्यांना मी तो मिळवून दिला, असा माझा समज होता, आणि तो मला फार आवडायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या समजाला धक्का बसला. दुपारी माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. हा विद्यार्थी म्हणजे पन्नाशीतला, टक्कल पडलेला गृहस्थ. महापालिकेच्या शिक्षण विभागात जुन्या दप्तरावर कारकून आहे. तारीख अर्थातच एक जून.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं अक्षर अमेरिकेतनं परत आलंय."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं याचं. पण खरंच अमेरिकेतल्या एका वकिलाचं पत्र आलं होतं आणि सोबत शाळा सोडल्याच्या एका जुन्या दाखल्याची प्रत होती. त्यावरचं अक्षर त्यानं बघताक्षणी ओळखलं. याच अक्षरातला कित्ता त्यानं दोन वर्षं गिरवला होता आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. दाखला एका मुलीचा होता. पहिलीत जेमतेम पाच महिने बसलेली, मग 'परदेशी जात असल्याने' शाळा सोडलेली. जन्मतारीख एक जून.

मला ती लगेच आठवली. विसरण्यासारखी नव्हतीच.

शाळेजवळ तेव्हा एक अनाथाश्रम होता. आता तो नाही, त्याचे कागदही कुठे गेले कुणाला माहीत नाही. तिथल्या सात-आठ मुली रांगेनं आमच्याकडे यायच्या. त्यांच्यामागं एक शेपूट यायचं, एवढीशी पोर, गुडघ्याच्या खाली गेलेला कुणाचा तरी फ्रॉक घातलेली. मुली वर्गात गेल्या की ही फाटकाला धरून असं भोकाड पसरायची की पलीकडच्या मागाचा आवाज ऐकू यायचा नाही. तिसऱ्या दिवशी आश्रमातली दाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दाई तेलुगू होती, लहान मुलीला त्यांच्यात पापा म्हणतात.

"बाई, पापाला घ्या की वर्गात. लई रडायली. जेवायली न्हाय."

"किती वर्षांची?"

"पाडव्याला चार झाली. पाडव्याच्या सकाळी आणून दिली आमच्यात, आट दिवसाची आसंल. म्या गाटीचा हार घालीत हुते गुडीला, तवाच."

चार म्हणजे सवाल मिटला. पण दाई हलेना आणि पोरही थांबेना. शेवटी मी तिला उभं केलं, हात डोक्यावरून घ्यायला लावला. बोटं कपाळाच्या पलीकडं जेमतेम गेली. तिला कळलं की काहीतरी चुकतंय. मग तिनं एक युक्ती केली. मान पार खांद्यावर टाकली आणि कानच हाताकडे आणायला बघितला. तरी पुरला नाही. तशीच वाकडी मान करून माझ्याकडे बघत राहिली. आता अशा पोरीला परत पाठवणारी बाई मी नव्हते, आणि याचा मला तेव्हा अभिमानच वाटला. मी पेन उचललं आणि तिला पाच वर्षांची करून टाकली.

वर्गात मात्र तिची एक तऱ्हा होती. रोज सकाळी यायची आणि दाराशी उभी राहायची. बाकीची पोरं पटापटा बसायची, ही पाटी छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी. मी "बस" म्हटल्यावरच बसायची. काल बसवलं म्हणून आजही बसवतील याचा तिला भरवसा नव्हता बहुतेक. पाच महिने रोज एकदा मी तिला "बस" म्हटलं. दिवाळीनंतर एक गोरं जोडपं आलं, जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम घेतला आणि पोर विमानात बसून गेली. हुकुमात तारीख होती ती माझ्या दाखल्यावरची. आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. नशीब काढलं पोरीनं, असं दाई सगळ्या पेठेला सांगत फिरली.

आता तिचा वकील माझी भेट मागत होता. भेट फोनच्या पडद्यावर ठरली, आमच्याकडे संध्याकाळचे सात, त्यांच्याकडे सकाळ. माझं इंग्रजी पहिलीला शिकवण्यापुरतं, म्हणून दुभाषे म्हणून आमचे हे बसले. यांचं इंग्रजी सगळं बँकेच्या पत्रव्यवहारात घडलेलं. त्यांनी सुरुवातच केली ती सविनय सादर करण्यापासून. पडद्यावर वकील आणि त्याच्या शेजारी चाळिशी ओलांडलेली एक सावळी बाई. केस आखूड, डोळ्यांवर चष्मा. मी तिच्यात ती पोर शोधत होते. काही केल्या सापडेना, तेवढ्यात वकील काहीतरी बोलायला लागला आणि ती ऐकताना मान खांद्याकडे झुकवून बसली. सापडली.

तिची हकिगत ऐकून मला आधी हसू आलं, ते मी कबूल करते. बाई म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या नोकरीत, दोन मुलं, नवऱ्यापासून वेगळी. मुलांना एकदा सोलापूर दाखवावं म्हणून तिनं पासपोर्टसाठी अर्ज केला. उत्तर आलं की, तुम्ही आमच्या नागरिकच नाही. म्हणजे सोलापूर बघायला निघालेल्या बाईला सरकार म्हणालं, बघायला कशाला, कायमचीच जा की!

मग मला राग आला, आणि तोही आधी चुकीच्याच गोष्टीचा. आपल्याला सोलापूरला पाठवतील या भीतीनं ती बाई झोपत नव्हती. मी यांना म्हटलं, "सोलापूर म्हणजे काय अंदमान आहे का? विचारा तिला." यांनी ते विचारलं नाही. उलट माझ्याकडे बघून "बिडु," म्हणाले. हे अक्कलकोटकडचे, चिडले की कन्नडमधून गप्प बसवतात. आणि बरोबरच होतं त्यांचं. तिला इथं कुणी ओळखत नाही, भाषा येत नाही, आणि मुलं तिकडची. धाकटा दहा वर्षांचा. त्याला तिकडे ठेवून तिला इथं पाठवलं तर ती इथं कुणाच्या फाटकाला धरून रडणार होती? तिच्यासारखी आणखीही माणसं तिकडे आहेत म्हणे, लहानपणी आणलेली, आणि त्यातली काही खरोखरच परत पाठवली गेलीत, जिथली भाषाही त्यांना येत नाही अशा जागी. ते ऐकल्यावर माझं हसू पार गेलं.

घडलं होतं ते असं. तिच्या तिकडच्या आईबापांनी तिला लाडानं वाढवलं, दात वेडेवाकडे आले तर तारा लावल्या, पियानो शिकवला. फक्त नागरिकत्वाचा अर्ज भरला नाही. दत्तक घेतली म्हणजे आपली झाली, वेगळा अर्ज कशाला, असं त्या भल्या माणसांना वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं. बाप पुढे वारला, आणि आईला आता मुलगीच नीट ओळखू येत नाही, अर्जाचं काय घेऊन बसलात. पण तिकडे मधल्या काळात एक कायदा झाला. परदेशातून दत्तक आणलेलं मूल आपोआप नागरिक, अर्ज नको, खेटे नकोत. शहाणा कायदा. त्यात मेख एवढीच की तो लागू झाला त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती ती मुलं त्यातून बाहेर. म्हणजे मूल लहान असेल तर आमचं, आणि आमच्याच घरात जेवूनखाऊन मोठं झालं असेल तर परक्याचं. आमच्या खात्यात असले आदेश निघायचे तेव्हा आम्ही चहा पिताना त्यांना नावं ठेवायचो. अमेरिकेतही आमच्यासारखंच खातं आहे हे कळून मला जरा धीरच आला.

वकिलानं कागद वर धरला. त्या दिवशी, दाखल्याप्रमाणे, तिला अठरा पूर्ण होऊन जवळजवळ नऊ महिने झाले होते. पण तिच्या आईनं लहानपणी तिला सांगितलं होतं की, आश्रमातली बाई तुझं वय कमी सांगत होती. म्हणून तो विचारत होता, ही एक जून खरी आहे का?

मी बोटांवर मोजलं. पाडव्याच्या आठ दिवस आधीचा जन्म धरला तर कायद्याच्या त्या दिवशी तिला अठरा व्हायला महिना-सव्वा महिना बाकी होता. ती आत होती. तिला मी बाहेर काढलं होतं. वर्गात बसता यावं म्हणून मी तिला दहा महिने मोठी केली, आणि त्या दहा महिन्यांपायी तिला देश उरला नाही.

यांनी विचारलं, "काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, खोटी आहे. मीच लिहिली."

वकिलाचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. चाळीस वर्षांपूर्वीची एका म्हाताऱ्या बाईची आठवण कुणी मानणार नाही, म्हणाला. त्या वेळचं, त्या वेळी लिहिलेलं काहीतरी हवं. शेवटी तिनं एकच विचारलं, "तुम्हाला मी आठवते?" यांनी भाषांतर करायच्या आधीच मी मान हलवली.

त्या रात्री जेवताना घरात वादावादी झाली. यांचं म्हणणं, मदत करावी पण लिहून देताना दहादा विचार करावा. सरकारी दप्तरात खोटी नोंद केली असं स्वतःच्या सहीनं देणार? भिंतीवर आदर्श शिक्षिकेचं मानपत्र आहे, ती फ्रेम तेवढी आधी उतरवून ठेवू, म्हणाले. मी म्हटलं, उतरवा, तिथं ओल येतेय तसंही. वरून मी असं म्हटलं खरं, पण मला फार लागलं होतं. माझं दप्तर म्हणजे आरसा, तपासायला येणारे साहेबही बोट ठेवू शकायचे नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. आणि माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली म्हणून आठवण ठेवलेली गोष्ट नेमकी कुणाच्या तरी गळ्याशी आली होती.

दुसऱ्या दिवशी मी कारकुनाकडे गेले. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाची नोंद असलेली मोठी वही, कधी नष्ट करत नाहीत. ती कायम दप्तरात जाते. त्यानं मला पंख्याखाली बसवलं, पण वही आणायला उठेना. टक्कल पुसत म्हणाला, "बाई, एक इचारू का? हिची तारीख खोटी निघाली, तर माझी?"

"तुझीही खोटीच आहे."

"ते म्हाईत हाय. आई म्हणती मी दोन वर्सानं ल्हान हाय. मग मला दोन वर्सं जास्त नोकरी भेटंल काय?"

"तुझा हात पुरला होता," मी म्हटलं. "वही आण."

लाल फडक्यात बांधलेली वही आली. गाठ त्याच्या दातांनी सुटली. कागद पिवळा पडलेला, पण शाई जशीच्या तशी. मी पान उलटत गेले. एक जून, एक जून, एक जून, माझ्याच अक्षरात वरपासून खालपर्यंत. पावसाची झड लागावी तशी. तिचं नाव सापडलं. पुढे जात 'माहीत नाही', जन्मतारीख एक जून, अंकी, अक्षरी. पानाच्या टोकाला शेऱ्याचा रकाना असतो. तो बहुतेक मुलांपुढे रिकामाच राहतो. हिच्यापुढे तो गच्च भरलेला होता. इतका की शेवटची ओळ समासात उभी लिहिली होती.

मला हे लिहिलेलं अजिबात आठवत नव्हतं. पण अक्षर माझंच.

"हात कानाला पोहोचत नाही. दाईच्या सांगण्यावरून गेल्या पाडव्यास चार पूर्ण. सबब वय वाढवून घेतले आहे. फार रडते म्हणून बसू दिले."

माझा स्वभावच नडला आणि तोच कामी आला. तारखेच्या रकान्यात खोटं लिहिलं, पण ते पचेना म्हणून त्याच ओळीत पुढं खरं लिहून मोकळी झाले होते. त्याखाली लाल शाईत आमच्या मुख्याध्यापकांची ओळ होती: "शेरा म्हणजे निबंध नव्हे. यापुढे अनावश्यक मजकूर लिहू नये." सही, आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख. आता मात्र मला आठवलं. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि खोली हसली होती. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. वकिलाला हवं होतं ते नेमकं हेच, त्या वेळी लिहिल्याचा दुसऱ्या माणसाच्या हातचा पुरावा. मी तिथंच पंख्याखाली रडायला लागले. कारकून घाबरून चहा सांगायला धावला.

मग प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली टाइप करणारे बसतात. त्यातला एक म्हातारा गाठला. त्यानं भराभर बोटं चालवली. "नाव? वय? जन्मतारीख?"

"एक जून."

"माजी बी," तो मान वर न करता म्हणाला.

पुढे मी सांगत गेले. सदर मुलीची जन्मतारीख मी एक जून अशी अंदाजाने नोंदवली, ती खरी नाही. त्याची बोटं थांबली. चष्मा कपाळावर गेला. "बाई, वर तुमची सोताची एक जून हाय, आन खाली म्हणताय एक जून खरी न्हाय. सत्यप्रतिज्ञा हाय ही. सायब इचारतील की."

मी विचारात पडले. खरं बोलायला म्हणून आले, आणि पहिल्याच ओळीत खोटं. आमचे हे बाजूला उभे राहून आभाळाकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी मी त्याला माझ्या वयापुढे 'शाळेच्या दाखल्याप्रमाणे' असं घालायला लावलं. त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी काही विचारलं नाही. त्यांचीही कदाचित तीच तारीख असेल.

कागद गेले. चार महिन्यांनी तिकडच्या अधिकाऱ्याची शंका आली. हात कानाला पोहोचत नाही, याचा अर्थ मुलीच्या हातात काही व्यंग होतं काय, असल्यास वैद्यकीय कागद जोडावेत. हे वाचून यांनी फोन खाली ठेवला आणि हसून हसून डोळे पुसले. मला हसू येईना, कारण तिकडे ती एकेक दिवस मोजत होती. मग एका संध्याकाळी मी वकिलाला पडद्यावर उभं केलं आणि परीक्षा घेतली. सूटबूट घातलेला सहा फुटी माणूस उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून उभा राहिला. त्याच्या शेजारी तीही उभी राहिली. मी दोघांनाही पास केलं. ही पद्धत काय, कुठे चालायची, कशासाठी, असं एक पान मी मराठीत लिहून दिलं आणि यांनी त्याचं बँकेच्या इंग्रजीत भाषांतर केलं. त्यात माझा डोक्यावरून हात घेतलेला फोटोही जोडला. माझा तो अवतार आता अमेरिकेच्या सरकारी दप्तरात कायमचा आहे.

नंतर बरेच महिने काहीच आलं नाही. या काळात ती अधूनमधून फोन करायची. दोघींना बोलता फारसं यायचं नाही. ती मुलांना पुढं करायची, मी कुंडीतली जास्वंद दाखवायचे. एकदा ती यांना म्हणाली की, दाराची घंटा वाजली की मी आधी मुलांना आत पाठवते. यांनी मला ते सांगितलं आणि उठून बाल्कनीत गेले. मी तिच्याकडे बघत बसले. माझ्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा ती दाराआड उभी राहून भोगत होती, आणि मी इथं जास्वंद दाखवत होते.

या एक जूनला सकाळी सातपासून फोन वाजत होता. एका पोलिसाचा आला, दोन बायकांचा, एका पानवाल्याचा. कारकून पेढे घेऊन स्वतः आला. त्याची दोन वर्षं वाढली नव्हती, तरी आला. संध्याकाळी सातला पडदा लखलखला आणि ती. हे म्हणाले, "हिचा आज कसला वाढदिवस? हिचा तर पाडव्याचा ठरवून दिलाय की आपण."

ती खुर्चीतून उठली, उजवा हात डोक्यावरून घेतला, डावा कान धरला आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या हातात एक कागद होता. यांनी चष्मा पुसून तो वाचला, पुन्हा वाचला. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. जन्मतारखेच्या जागी पाडव्याच्या आदल्या आठवड्यातला एक दिवस होता.

"मानली त्यांनी," हे म्हणाले.

तिला यांच्यामार्फत मला काही सांगायचं होतं. वकिलानं दिलेल्या भाषांतरातली शेऱ्याची शेवटची ओळ तिनं पाठ केली होती, पण ती इंग्रजीत. मूळची कशी ऐकू येते ते तिला हवं होतं. मी म्हणून दाखवली. फार रडते म्हणून बसू दिले. तिनं ती माझ्यामागून म्हटली, अडखळत, दोनदा. तिचे 'ड' आणि 'ण' कुणीकडेही जात होते. एरवी मी कित्ता गिरवायला लावला असता. आज तसंच पास केलं.

ती अजून उभीच होती. कागद छातीशी धरलेला, मान जराशी खांद्याकडे, डोळे माझ्याकडे लागलेले.

"बस," मी म्हटलं.

हे भाषांतर करायला तोंड उघडत होते. पण ती बसली होती.